माळावर झाडं लावायला विरोध का? तुम्ही विचारलंत म्हणून

जून उजाडला की विचारणा सुरू होते: "एवढा उघडा माळ पडलाय, झाडं लावली तर तुमचं काय बिघडतं?" नको म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "हिवर, बोर, पळस माळावर आहेतच की. गवत आणि झाड एकत्र राहतात, मग आणखी चार राहिली तर?" राहतात, हे खरं. पण ती कशी राहतात हे कुणी विचारत नाही, आणि सगळं अडतं ते तिथेच.

पूर्वी मी याचं सोपं उत्तर देत असे: गवताची मुळं वरच्या थरात, झाडाची खाली, दोघांचं पाणी वेगळं. जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिख वाल्टर यांनी १९३९ मध्ये मांडलेली ही कल्पना ऐकणाऱ्याला लगेच पटते, आणि मोठ्या झाडापुरती बऱ्याच ठिकाणी खरीही आहे. पण झाड मोठं जन्माला येत नाही. सुरुवातीला रोपाची मुळं गवताच्याच थरात असतात, आणि तिथलं पाणी गवत आधी उचलतं. त्यातून आमच्या माळावर वीतभर मातीखाली मुरूम लागतो. दोन थर आणायचे कुठून?

पावसाचं उत्तर याहून भक्कम आहे. आफ्रिकेतल्या ८५४ ठिकाणांच्या नोंदी एकत्र करून परिसंस्थेचे अभ्यासक महेश शंकरन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवलं, की वर्षाला सरासरी ६५० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस असेल तर झाडं जास्तीत जास्त किती दाटतील हे पाऊसच ठरवतो, आणि त्यांचं छत मिटत नाही. त्याहून जास्त पावसात ते मिटू शकतं; तरीही मिटलं नसेल, तर त्यामागे आग असते किंवा चरणारी जनावरं. सोलापूर, अहिल्यानगर, पुण्याचा पूर्व भाग पाचशे-सहाशेच्या घरातले. आकडा आफ्रिकेचा आहे, तो इथे जसाच्या तसा लावू नये हे मान्य. काही माळ तोडीतून झाले, हेही मान्य. पण "इथे सगळीकडे घनदाट जंगल होतं" हे सरसकट विधान एवढ्या पावसावर टिकत नाही.

टांझानियातल्या सेरेंगेटीच्या गवताळ माळावर जे घडलं ते समजून घेतल्याशिवाय मात्र पुढे जाता येणार नाही. १८९० च्या सुमारास बुळकांडी, म्हणजे गुरांचा जीवघेणा साथीचा रोग, पूर्व आफ्रिकेत पोचली. तिथल्या मासाई पशुपालकांची गुरं कळपच्या कळप मेली, मागोमाग माणसं उपासमारीने गेली. विल्डबीस्ट (गवत खाणारं मोठं कुरंग) आणि रानरेडेही मेले. पुढची साठ-सत्तर वर्षं हा रोग तिथून हलला नाही. विल्डबीस्टची वासरं त्यात जात राहिली. गवत खाणारी तोंडं कमी झाली, आणि न खाल्लेलं गवत कोरड्या हंगामात उभं वाळून पेटू लागलं. अशा आगीत मोठं झाड सहसा मरत नाही. जमिनीपर्यंत जळतं ते दोन-तीन मीटरच्या आतलं. मुळातून ते पुन्हा फुटतं, पुढच्या आगीत पुन्हा जळतं. जमिनीखाली जुनं, जाडजूड मूळ आणि वर गुडघ्याएवढं झाड, असं वर्षानुवर्षं चालतं. ज्वाळांच्या वर शेंडा काढायला त्याला सलग काही वर्षं आगीविना मिळावी लागतात. तीच मिळत नव्हती.

मग भोवतालच्या पाळीव गुरांना लस टोचली गेली, आणि १९६३ पर्यंत विल्डबीस्टमधूनही रोग गेला. त्यांना कुणी टोचलं नव्हतं. रोग गुरांतून येत होता, तो थांबला. १९६१ मध्ये अडीच लाखांच्या आसपास असलेले विल्डबीस्ट १९७७ मध्ये तेरा लाखांच्या घरात गेले. गवत पोटात जाऊ लागलं, आगी घटल्या, आणि पुढच्या दशकांत झाडं वाढली. एकही खड्डा न खणता. हत्तींच्या शिकारीमुळे झाडं वाचली, असंही म्हटलं गेलं, आणि त्यात तथ्य असेल. पण २००९ मध्ये सगळी कारणं एकमेकांसमोर ठेवून तपासली, तेव्हा सर्वांत वजनदार ठरली ती बुळकांडी, चराई आणि आग हीच साखळी.

आता आपली लागवड बघा. जेसीबीने मुरूम फोडून चर काढायचे, ४५ सेंटिमीटरचे खड्डे घ्यायचे, पिशवीतलं रोप लावायचं, तारेचं कुंपण, चराईबंदी. मेंढ्या बाहेर गेल्या की दोन पावसाळ्यांत कुसळी आणि पवन्या ही गवतं दाट उभी राहतात. डिसेंबरनंतर ती वाळतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये एका काडीने सगळं जातं. पळस, हिवर मुळातून फुटतात. पिशवीत मूळ गुंडाळलं गेलेलं रोप बहुधा फुटत नाही, कारण खाली जाऊन साठा करायला त्या मुळाला वावच मिळालेला नसतो. दोष काडी टाकणाऱ्यावर जातो. त्याचा दोष आहेच. पण जळण कुंपणाने साठवलं होतं.

टँकरने पाणी घालून गिरिपुष्प किंवा सुबाभूळ जगवलीच, तर नुकसान वेगळं. या गवतांना भर ऊन लागतं. सावली दाटली की ती जातात. मग मेंढ्यांचा चारा जातो, आणि उघड्या जमिनीवर अंडी घालणारा धाविक पक्षीही.

"म्हणजे मेंढ्या हव्या तेवढ्या सोडायच्या?" हेही विचारलं जातं. नाही. चराई अति झाली की गवताचा जोर मोडतो आणि बोराटी, तरवड, वेडी बाभूळ मोकळ्या जागेत घुसतात. किती मेंढ्या, किती दिवस, याचा एकच आकडा होत नाही. पाऊस दर वर्षी वेगळा. त्यात हवेतला वाढता कार्बन डायऑक्साइड झाडांच्या बाजूने आहे, म्हणून जुना तोल तसाच राहील असंही धरता येत नाही.

झाडं लावायचीच असतील तर ओढ्याकाठी आणि बांधावर लावा, जिथे हातभर तरी माती आहे. हिवर, बोर, खैर यांचं बी जागेवरच टोबा, म्हणजे सोटमूळ सरळ उतरेल. पहिली दोन वर्षं रोपाभोवती मीटरभराच्या आळ्यातलं गवत काढत राहा. बाकीचं गवत बी झडल्यावर, पण उभं वाळण्याआधी कापून न्या, आणि जानेवारीच्या आत जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढलेला पट्टा, काढा. मधला माळ मोकळा सोडा, आणि मेंढपाळांशी बोलून चराईची पाळी ठरवा.