सिग्मा-झेडपाशी गेलेले तीन आठवडे : माझा अनुभव

ओरल सुटून बरेच दिवस झाले, तरी प्लेन स्ट्रेस (एका दिशेला स्ट्रेस, म्हणजे आतला ताण, शून्य) आणि प्लेन स्ट्रेन (एका दिशेला स्ट्रेन, म्हणजे लांबीतला सापेक्ष बदल, शून्य) ही नावं शेजारी-शेजारी दिसली की माझी अजून चिडचिड होते.

टेन्शन (ओढ), कॉम्प्रेशन (दाब), शिअर (थर एकमेकांवरून सरकवू पाहणारा ताण) दोन दिवसांत झालं. हायड्रोस्टॅटिकही (सगळ्या बाजूंनी सारखा ताण) पटकन बसलं. गाडी अडली ती इथे. आमच्या नोट्समध्ये एकच वाक्य होतं: पातळ पत्रा म्हणजे प्लेन स्ट्रेस, लांबलचक धरण म्हणजे प्लेन स्ट्रेन. मी ते पाठ केलं.

ओरलला प्रश्न आला. स्टीलचा लांब ठोकळा, दोन्ही टोकं जखडलेली. एक्स दिशेला 80 मेगापास्कल (ताणाचं एकक) ताण, वाय दिशेला 40, शिअर नाही. झेड, म्हणजे लांबीच्या दिशेला ताण (सिग्मा-झेड) किती? मी छातीठोकपणे 'शून्य' म्हणालो. परीक्षक म्हणाले, "पुन्हा या."

पुढचे तीन आठवडे ज्याला विचारावं तो सूत्र लिहून द्यायचा. सूत्र माझ्याकडेही होतं! कारण कुणीच सांगेना. शेवटी स्वतःच खोडरबर ताणत बसलो तेव्हा उलगडलं. दोन दिशांना ताणलं की वस्तू तिसऱ्या दिशेला आखडू पाहते. टोकं जखडली असतील तर तिला आखडता येत नाही, टोकं तिला ओढून धरतात. ती ओढ म्हणजेच सिग्मा-झेड. तिथला स्ट्रेन शून्य ठेवायचा म्हणूनच स्ट्रेस येतो! हूकच्या नियमाने (स्ट्रेस आणि स्ट्रेन एकमेकांच्या प्रमाणात) तो पॉयसन गुणोत्तर (ताणल्यावर आडवं आखडणं भागिले लांबणं) गुणिले एक्स आणि वाय ताणांची बेरीज, स्टीलला 0.3 धरा, 36 मेगापास्कल. पत्र्याचे दोन्ही पृष्ठभाग मोकळे, म्हणून तिथे स्ट्रेस शून्य आणि पत्रा आपसूक पातळ होतो.

पत्र्यातलं ते शून्य मात्र विसरू नका. पत्र्यालाही तेच ताण असतील, तर कमाल शिअर काढताना 80 आणि 40 च्या फरकाचं अर्धं, म्हणजे 20, लिहिलं की चुकलं. तिसरं मुख्य प्रतिबल (शिअर नसलेल्या दिशेचा स्ट्रेस) शून्य आहे; सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहानाच्या फरकाचं अर्धं घ्यायचं, म्हणून उत्तर 40. ठोकळ्यात मात्र सर्वांत लहान 36, म्हणून 22.

दुसऱ्या खेपेला तोच प्रश्न आला. मी सूत्राला हात न लावता टोकांपासून सुरुवात केली आणि दोन मिनिटांत सुटलो. इतका आनंद निकालाच्या दिवशीही झाला नाही.

हो, आणि शिअर वाचण्याआधी एक खडू पिळून तोडा. तो 45 अंशांत मळसूत्रासारखा तुटतो, कारण नुसत्या शिअरमध्येही त्या तिरक्या दिशेला ताण असतो.