तुम्ही विचारलंत म्हणून: कडक सिगारला गुण कसे देतात

“एवढ्या कडक सिगारला चव कसली? डोकं गरगरतं, तेवढंच खरं.” हे प्रश्नाच्या सुरात विचारलं जातं, पण विचारणाऱ्याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं. पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो: मग तिला शंभरपैकी गुण देता ते कशाच्या जोरावर? आणि समोरचा कोल्हापूर-बेळगावकडचा असेल तर तिसरा: आमच्या निपाणीची तंबाखू काय कमी कडक आहे का? आजवर दोन वाक्यं बोलून मी वेळ मारून नेली. पण हे दोन वाक्यांत मावणारं नाही.

निपाणीचं आधी सांगतो. कडकपणात ती कुणाला हार जाणार नाही. पण ती विडीची तंबाखू, उन्हात वाळते. सिगारचं पान कोठारात, सावलीत, काठ्यांना टांगून दीड-दोन महिने वाळवतात. मग ते दमट करून त्याच्या थप्प्या रचतात. थप्पी आतून आपली आपण तापते, पानातला अमोनिया निघून जातो, उग्रपणा उतरतो. ती मोडून आतलं पान बाहेर, बाहेरचं आत करून पुन्हा रचतात. क्यूबात सिगारच्या पोटातलं सगळ्यात जाड पान त्यानंतरही निदान दोन वर्षं मुरत ठेवतात. तेव्हा तुलना करायचीच तर या मुरण्याची करा.

आता मूळ गल्लत. ‘फुल-बॉडीड’ या एका शब्दात लोक तीन गोष्टी कोंबतात. बॉडी म्हणजे धुराचा तोंडातला भार. पातळ ताक आणि आटवलेलं दूध यांत जिभेला जो फरक कळतो, तो. कडकपणा म्हणजे निकोटिन. ते जिभेपेक्षा पोटाला आणि कपाळावरच्या घामाला आधी कळतं. चव ही तिसरी. दाट धुराची पण बेताच्या कडकपणाची सिगार असते, आणि कडक असून चवीला सपाट असलेली तर ढिगानं मिळते. माझ्या तक्त्यात बांधणी आणि जळणं यांना 30 गुण, चवीला 45, शेवटच्या तिसऱ्या भागात तोल किती टिकतो याला 25. कडकपणाला एकही नाही. त्याची नोंद होते, गुण मिळत नाहीत.

कडकपणा येतो पानाच्या जागेवरून. झाडाच्या तळाची पानं व्होलादो: सौम्य, चांगली जळणारी. मधली सेको: सुगंध त्यांचा. वरची लिहेरो: ऊन जास्त खाल्लेली, जाड, तेलकट, कडक आणि सावकाश जळणारी. म्हणून वळणारा कारागीर लिहेरो बरोबर मध्ये ठेवतो. ते कडेला सरकलं तर ती बाजू मागे राहते आणि सिगार होडीसारखी तिरपी जळते. बाहेरच्या पानाच्या रंगावरून मात्र कडकपणा ओळखायला जाऊ नका. काळपट मादुरो पान बहुतेक वेळा गोडसरच असतं. फिकट पानाच्या पोटात भरपूर लिहेरो असेल, तर जिना उतरताना कठडा धरावा लागेल.

एखादी ठोस वस्तू डोळ्यांपुढे असावी म्हणून हवानाची पार्तागास सेरी डी नंबर 4 घेऊ. लांबी 124 मिलिमीटर, जाडी 50. म्हणजे 50 भागिले 64 इंच, साधारण 20 मिलिमीटर. क्यूबाच्या पिनार देल रिओ प्रांतातल्या वुएल्ता अबाहो या तंबाखूच्या पट्ट्यातलं पान. कडक सिगार पारखायला शिकायचं तर ही योग्य आहे, कारण हिच्यात भार, कडकपणा आणि चव तिन्ही आहेत आणि ती वेगवेगळी काढता येतात.

पोट भरलेलं हवं. जेवण होऊन दीड तास झालेला असावा, आणि त्या जेवणात कांदा-लसूण मसाला किंवा लोणचं नको; तासभर आधी चहा-कॉफीही नको. जवळ साधं पाणी असू द्या. टोपीकडचं, म्हणजे तोंडात धरायचं बंद टोक दीड ते दोन मिलिमीटर कापा. टोपीचा गोलवा संपतो त्या खांद्याच्या खाली पातं गेलं तर रॅपर, म्हणजे बाहेरचं पान, उलगडतो. न पेटवता एक झुरका घ्या. स्ट्रॉने ताक ओढायला लागतो तेवढा जोर लागावा. गाल आत जात असतील तर आत गाठ आहे किंवा सिगार दमट आहे. पेटवताना ज्योत टोकाला टेकवू नका, बोटभर खाली धरून फिरवत शेका, कडेचं वर्तुळ सगळीकडून लाल होऊ द्या. पहिला अर्धा सेंटिमीटर गुणांत धरू नका, ती पेटवण्याचीच चव असते.

त्यानंतर मिनिटाला एक झुरका. भराभर ओढलं तर विस्तव तापतो आणि चव करपते. फार रेंगाळलात तर विझते. धूर छातीत घ्यायचा नाही. सिगारचा धूर सिगारेटच्या धुरापेक्षा अल्कलीकडे झुकलेला असतो, म्हणून निकोटिन तोंडातूनच शोषलं जातं. त्यामुळेच ‘मी तर आत ओढतच नाही’ म्हणणाऱ्यालाही घाम फुटतो. दर चार-पाच झुरक्यांनी तोंडातला पाव हिस्सा धूर नाकावाटे सोडा. गोड, खारट, आंबट, कडू एवढंच जीभ सांगते. बाकीचं सगळं नाकात उलगडतं. कडक सिगारचा धूर भरभरून नाकातून सोडला तर मिरीची धुरी बसल्यासारखं होतं आणि पुढची दहा मिनिटं काही कळत नाही.

चवीचे शब्द आपले वापरा. इंग्रजीत जिला चामडं आणि गोठा म्हणतात ती चव मराठी माणसाला पहिल्यांदा वाचताना घाण वाटते. पण शेणानं नुकतीच सारवलेली, अर्धवट वाळलेली जमीन आठवा, तोच वास. काकवी, सुंठ, भाजलेलं सुकं खोबरं, खरपूस शेंगदाणे, जायफळाची साल, कात हे सगळं कडक सिगारमध्ये सापडतं. सेरी डीमध्ये मला सुरुवातीला मिरी आणि ओली माती लागते, मधे भाजलेल्या कॉफीचा कडवटपणा आणि त्याच्या मागे काकवी.

आता ज्या प्रकरणामुळे माझे सगळे ठाम नियम हलले, ते सांगतो. निकाराग्वातल्या एस्तेलीची एक चौकोनी दाबलेली सिगार, 127 मिलिमीटर बाय 50, दहाचा डबा. नाव देत नाही, कारण दोष तिचा नव्हता. जुलै महिना होता. सिगार ठेवायच्या पेटीतलं आर्द्रतामापक 68 टक्के दाखवत होतं, म्हणजे सगळं ठीक. तीन वेगवेगळ्या दिवशी तीन ओढून झाल्या, कारण एका नगावर गुण द्यायचे नाहीत हा नियम. तिन्हींचा झुरका आवळलेला. तिन्ही निम्म्यापर्यंत येईतो चार-चार वेळा पेटवाव्या लागल्या. रॅपर टोकाकडे फुगून बारीक तडकलेला. चव आंबट, मग कडू, ओल्या कोळशासारखी. गुण 79, 80, 78. तीन नग, एकच निकाल. म्हणून मी ‘बांधणी सदोष, लिहेरो कच्चं’ असं ठाम लिहिलं.

पुढच्या आठवड्यात मापक मिठावर तपासलं. बाटलीच्या झाकणात साधं मीठ, त्यावर चिखल होईल एवढेच पाण्याचे थेंब, ते आणि मापक हवाबंद पिशवीत 24 तास. आत बरोबर 75 टक्के आर्द्रता तयार होते. मापक 69 दाखवत होतं. म्हणजे पेटीत 68 नव्हे, 74 टक्के होते. आठवडाभराच्या त्या ठाम निकालात तंबाखूचा दोष नव्हताच, पाणी होतं. पान फुगलं की मधल्या वाटा बुजतात, झुरका आवळतो, माणूस जोरात ओढतो. विस्तवाची उष्णता पाणी सुकवण्यात जाते, तो थंड आणि अर्धवट जळतो, वाफ जिभेला चटका देते. दर वेळी पुन्हा पेटवलं की कोळशाचा कडवटपणा वर चढतो. यातल्या एकेका लक्षणाला मी सिगारचा स्वभाव समजून गुण कापले होते.

उरलेल्या सात वजनकाट्यावर ठेवल्या: सरासरी 13 ग्रॅम. मग आर्द्रता 65 टक्क्यांवर राखणाऱ्या पुड्या घातलेल्या वेगळ्या डब्यात हलवल्या. घाई केली असती तर बाहेरचं पान आधी सुकून फुटलं असतं. म्हणून चार महिने हात लावला नाही. दिवाळीनंतर वजन भरलं 12.7. तीन दशांश ग्रॅम, एवढाच फरक. दोन ओढल्या. एकदाही विझली नाही. राख झटकल्यावर विस्तवाचा बोथट शंकू दिसला, म्हणजे लिहेरो जिथे हवं तिथेच होतं. सुंठ, खोबरं, मध्यावर काकवी अशी दाट की ओठांना चिकटल्यासारखी वाटावी. गुण 90 आणि 91.

तीन नगांच्या नियमावर मी कितीतरी वेळा वाद घातला आहे. तिन्हींत चूक एकच असेल तर सरासरीही चुकीचीच येते, हे तेव्हा लक्षात यायला हवं होतं. मुंबईत पावसाळ्यात बाहेरची हवा 85 टक्क्यांच्या वर जाते. पेटी उघडली की ती आत शिरते. आणि 25 अंशांच्या वर तापमान गेलं तर तंबाखूतल्या किड्याची अंडी उबायची भीती असते, ते आणखी वेगळं.

तरीही पूर्वीचं माझं म्हणणं मी पूर्ण सोडलेलं नाही. ‘चांगली सिगार थोडं सहन करते’ असं मी म्हणत असे. दादरला राहणारा जो माणूस डबा विकत घेऊन त्याच आठवड्यात ओढणार, त्याच्या वाट्याला 90 ची सिगार येणार की 79 ची? त्याला मी कुठला आकडा सांगू? डिसेंबरात याच डब्यातली आणखी एक ओढली, तिला 86 च दिले. शेवटच्या भागात मिरी एकदम चढली आणि बाकी सगळं दाबून बसली. ती त्या नगाची चूक असेल, किंवा त्या दिवशी जेवण कमी झालं होतं म्हणून निकोटिन लवकर चढलं असेल आणि जिभेवर राग निघाला असेल. कडक सिगार पारखताना हाच खरा धोका. उचकी लागली, ओठ कोरडे पडले, हात गार पडले की चव संपली. त्यानंतरचा शब्द वहीत लिहायचा नाही. सिगार ठेवून द्यायची, मोकळ्या हवेत बसायचं, लिंबू-सरबत घ्यायचं.

जे विचारतात की हे घातक नाही का, त्यांना: आहे. छातीत न ओढल्यानं तोंडाचा, घशाचा, अन्ननलिकेचा कर्करोग टळत नाही, आणि मोठ्या सिगारमध्ये अख्ख्या पाकिटातल्या सिगारेटींएवढी तंबाखू असू शकते. मी महिन्याला दोनच्या पुढे जात नाही, पण त्यानं ती निर्धोक ठरते असं मी म्हणणार नाही. जो ओढत नाही त्यानं माझे गुण वाचून सुरुवात करू नये, हे मला मनापासून वाटतं. ही बाजू मला कुठल्याही तक्त्यात बसवता आलेली नाही.

त्या डब्यात चार उरल्या आहेत. बँड, म्हणजे नावाच्या कागदी पट्ट्या, घरच्यांकडून काढून घेतले, दोन 65 वर आणि दोन 69 वर ठेवायला सांगितल्या, खुणेचा दोरा कुठल्या दोघींना बांधला ते मला माहीत नाही. मार्चमध्ये ओढायच्या आहेत. 79 ची ती नोंद वहीत तशीच आहे, बाजूला मिठाच्या चाचणीची तारीख लिहून ठेवली आहे.