विरार, बहुतेक

नवा कॅमेरा घेतला की माणूस आधी घरातली मांजर टिपतो, मग बायको, मग कुंडीतली जास्वंद. चौथ्या दिवशी विषय संपतात. आमच्याकडे मांजर नसल्यामुळे माझे तिसऱ्याच दिवशी संपले आणि दुपारचा चहा उरकून मी नायगावला खाडीवर गेलो. पाणजू बेटाच्या होडीसाठी लोक उभे राहतात ना, त्या बाजूला. ओहोटी होती. तिवरांच्या मुळांशी चिखल चकाकत होता आणि वरच्या रेल्वे पुलावरून विरारकडची एकामागून एक गाडी येत होती.

हा पूल मी २८ वर्षं दिवसातून दोनदा ओलांडला. पाहिला त्या दुपारी. आतून पूल दिसत नाही, दिसते ती पुढच्याची मान. पूल आला हे कळतं आवाजावरून. रुळांचा खडखडाट एकदम पोकळ होतो, दारातून खारा वारा आत शिरतो आणि डुलकी काढणारासुद्धा डोळे न उघडता रॅकवरच्या बॅगेकडे हात नेतो. पण खाली इतके खांब पाण्यात उभे आहेत आणि त्यांना शिंपले चिकटलेत, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

लहानपणी आम्ही दादरला, आजोळ वसईचं. भाईंदर सुटलं की आई बटव्यातून दहा-दहा पैसे काढून आम्हा दोघा भावांच्या हातावर ठेवायची. खाडीला टाका, नमस्कार करा. दादा टाकायचा. मीही टाकायचो, पण एकदा मूठ खिडकीच्या गजांतून बाहेर काढली, उघडल्यासारखी केली आणि नाणं चड्डीच्या खिशात घातलं. मामाच्या गल्लीतल्या दुकानातून त्याच्या लिमलेटच्या गोळ्या आल्या. चार दिवसांनी परत निघालो तर गाडी नेमकी पुलावर थांबली. सिग्नल नसेल, दुसरं काय! डब्यातली माणसं आपापसांत बोलत होती, कुणी शेंगा सोलत होतं. गाडी कुणामुळे थांबली आहे हे मला एकट्याला ठाऊक होतं.

खालून पाहताना मात्र हा नाण्यांचा मामला वेगळाच दिसतो. एका गाडीच्या दारातून हात बाहेर आला आणि निर्माल्याची भरलेली पिशवी भिरभिरत खाली आली. पिशवीसकट. पाणजूची माणसं याच पुलाच्या कडेने चालत ये-जा करतात, आणि धावत्या गाडीतून भिरकावलेला नारळ म्हणजे तोफेचा गोळाच. आमच्या दहा पैशांनी कुणाचं टाळकं शेकलं असेल का, हा विचार मला या वयात पहिल्यांदा आला. म्हणजे एका परीने माझ्या लिमलेटच्या गोळ्यांनी... असो.

पाणजूवरून आठवलं. विरारहून मुंबईला पहिली लोकल सुटली ती १२ एप्रिल १८६७ रोजी. सकाळी ६:४५ला विरारहून निघायची, संध्याकाळी ५:३०ला मुंबईतल्या बॅकबे स्टेशनहून परत फिरायची. एवढी एकच गाडी. तरी वेळा बघा, तेव्हापासूनच नोकरदाराच्या! तिच्या थांब्यांत नायगाव नाही, भाईंदर नाही. पण पाणजे आहे. म्हणजे हेच पाणजू असणार. आज बेटावरून दर काही मिनिटांनी गाडी धडधडत जाते आणि बेटावरचा माणूस होडी कधी येते म्हणून हातावर पिशवी घेऊन बसलेला असतो. माझ्या शेजारी तसेच एक जण बसले होते. माझी लेन्स बघून म्हणाले, “पक्षी?” मी म्हटलं, “नाही, लोकल.” त्यांनी काळजीने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पाण्याकडे बघू लागले.

आता खरी अडचण. शटर सेकंदाच्या एक सहस्रांशावर ठेवलं की गाडी सुरीसारखी कापून येते. खिडक्यांचे गज, दारात लटकलेल्याच्या शर्टाची चौकट, सगळं. पण ती धावत नाही. यार्डात धुवायला उभी केल्यासारखी वाटते. शिवाय कपाळावरच्या पाटीतली अक्षरं अर्धवट येतात. त्या पाटीतले दिवे सतत पेटलेले वाटतात, प्रत्यक्षात ते ओळीओळीने लुकलुकत असतात. डोळा फसतो, कॅमेरा फसत नाही, म्हणून विरारच्या व्हीची नुसती एक तंगडी उरते. शटर हळू केलं की पाटी पूर्ण उमटते, पण ती वाचायची कशी? गाडीसकट फरफटलेली असते. थोडक्यात, गाडी हवी असेल तर ती कुठली हे कळणार नाही आणि कुठली ते हवं असेल तर गाडी मिळणार नाही.

बाहेरगावच्या माणसाला यात काय बिघडलं ते कळणार नाही. पण नुसती ‘गाडी’ अशी काही वस्तू आमच्याकडे नसते. पाच बावन्नची असते, सहा दहाची असते. विरार फास्ट असते, जिच्यात बोरिवलीवाला चढला तर काय होतं ते इथे लिहीत नाही. नाव नसलेल्या गाडीचा फोटो भिंतीवर लावायचा म्हणजे दुसऱ्याच्या आजोबांचा लावण्यासारखं.

याच विचारात बॅटरी बदलायला गेलो आणि लेन्सचं झाकण हातातून निसटलं. कठड्यावर एकदा टणकन आपटलं आणि चिखलात गेलं. चांगलं साडेसहाशे रुपयांचं. दहा पैशांवर इतक्या वर्षांचं व्याज धरलं तरी खाडीने जरा जास्तच वसूल केले. पण नमस्कार केला. होडीची वाट बघणारे गृहस्थ आता उठून थोडे लांब जाऊन बसले.

घरी सगळ्यात बरा फोटो बायकोला दाखवला. तीही २० वर्षं याच लाइनीवर, लेडीज डब्यात. तिने चष्मा वर केला.

“कुठली?”

“विरार असावी.”

“डहाणू आहे.”

“पाटी दिसत नाही, मग कशावरून?”

“दारातल्या माणसांवरून. विरारवाले इतके निवांत उभे राहतात का?”

मी फोटो मोठा करून पाहिला. दारातला एक जण खाडीकडे बघत होता, मूठ बाहेर काढून. उघडी होती की मिटलेली, ते त्या शटरलाही कळलं नव्हतं. फाइलला नाव देताना लिहिलं : विरार, बहुतेक.