मॉनिटर कोणी निवडला?

आज नववीला मतदानाचा धडा होता. ऑस्ट्रियात २००७ पासून सोळाव्या वर्षी मत देता येतं, ब्राझीलमध्ये १९८८ च्या राज्यघटनेपासून सोळा-सतराच्या मुलांना ते ऐच्छिक आहे, असं मी अगदी रंगात येऊन सांगत होते. मागच्या बाकावरून हात वर. "मॅडम, आपला मॉनिटर कोणी निवडला?"

मीच. पहिल्याच दिवशी, हजेरीपट बघून, अर्ध्या मिनिटात!

मग काय, खडूच्या खोक्यात चिठ्ठ्या जमवल्या. एकीने तर हाताआड लिहून चिठ्ठीच्या इतक्या घड्या घातल्या की उघडताना फाटली. गुप्त मतदान मी अजून शिकवलंही नव्हतं. माझा लाडका मॉनिटर चार मतांनी पडला. दोन चिठ्ठ्या कोऱ्या निघाल्या. कोणाच्या, हे विचारायचं अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.