खोगिराची जागा

“घोडा नाही, मग हे खोगीर घरात कशासाठी?” गॅलरीत जास्तीचे खोगीर पुसत असताना शेजारच्या काकूंनी सहज विचारले आणि तो प्रश्न दिवसभर मनात घोळत राहिला.

कोथरूडच्या दोन खोल्यांत त्याला जागा करून देणे अवघड आहे, हे मान्य. पुण्यात घोड्यांच्या शर्यतींचा हंगाम पावसाळ्यातच येतो आणि त्याच दमट दिवसांत बंद कपाटातल्या कातड्यावर बुरशी चढते. म्हणून खोगीर प्लास्टिकमध्ये न गुंडाळता सुती कापडाने झाकावे लागते आणि आतला सांगाडा वाकू नये यासाठी जमिनीवर न टाकता आडव्या दांडीवर ठेवावे लागते. लगाम, तंग म्हणजे खोगीर घोड्याच्या पोटाखालून आवळणारा पट्टा, आणि रिकिबी म्हणजे स्वाराने पाय अडकवायच्या कड्या, हे सगळे दारामागच्या खुंट्यांवर मावते. तंगाला घोड्याच्या घामाचा वास अजूनही येतो आणि तो मला मनापासून आवडतो.

काकूंना मी एवढेच सांगितले की, तंगाची शिवण उसवली तर स्वार खोगिरासकट घसरतो, त्यामुळे ती घरच्या उजेडात, निवांत तपासलेली बरी.

घरे लहान झाली म्हणून जे रोज लागत नाही ते सगळे अडगळच मानायचे का? तुमच्या घरात अशी हट्टाने जागा राखलेली कोणती वस्तू आहे?