एकाच अल्बमच्या तीन-तीन सीड्या कशाला?

माझ्या कपाटापुढे कुणी उभं राहिलं की हा प्रश्न ठरलेला: "अहो, ही तर तीच सीडी आहे, मग तीन-तीन कशाला?" त्यामागोमाग दुसरा येतो, की डिजिटल म्हटल्यावर सगळे आकडेच, मग जपानची सीडी आणि इथली सीडी यांत फरक तो काय असणार? आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

आधी दुसरा प्रश्न घेतो, कारण विचारणाऱ्याचं निम्मं बरोबर असतं. सीडीवर डाव्या-उजव्या प्रत्येक चॅनेलच्या आवाजाचे सेकंदाला 44,100 नमुने असतात, प्रत्येक 16 बिटांचा. दोन तबकड्यांवरचे आकडे तंतोतंत तेच असतील तर त्या सारख्याच वाजणार, मग तबकडी कशाचीही असो. किरकोळ ओरखडा पडला तरी प्लेअर चुकलेले आकडे भरून काढतो, ती सोय सीडीच्या रचनेतच आहे. जपानमध्ये एलसीडी पडद्यांसाठीचं जास्त पारदर्शक पॉलीकार्बोनेट (एक प्लास्टिक) वापरून एसएचएम-सीडी आल्या, 2008 साली सोनीची ब्लू-स्पेक ही तशीच खास सीडी आली. नुसत्या प्लास्टिकसाठी मी जादा पैसे मोजत नाही. दोन्ही सीड्या संगणकावर रिप करून, म्हणजे त्यांवरचे आकडे उतरवून घेऊन, ताडून बघा. आकडे जुळले तर साधी सीडी घ्या आणि खुशाल ऐका.

पण आकडे पुष्कळदा जुळतच नाहीत, आणि माझं कपाट भरलंय ते त्यामुळे. सीडी बनवताना मूळ टेप घेतली की तिच्या प्रतीची प्रत, खर्ज किती ठेवला, वरचे सूर किती उजळले, आवाजाची पातळी कुठवर नेली, हे कुणीतरी बसून ठरवलेलं असतं. त्याला मास्टरिंग म्हणतात. मी मास्टरिंग जमवतो. तीन सीड्या दिसतात तिथे तीन वेगळ्या माणसांनी तोच अल्बम तीन तऱ्हांनी आपल्यापुढे ठेवलेला असतो.

डायर स्ट्रेट्स या ब्रिटिश रॉक बँडचा 1985चा 'ब्रदर्स इन आर्म्स' घ्या. कॅरिबियनमधल्या माँटसेरात बेटावरच्या स्टुडिओत डिजिटल टेपवर मुद्रित झालेला, आणि सीडीवर दहा लाखांच्या पुढे खपलेला पहिला अल्बम. त्याची सुरुवातीची प्रेसिंग (कारखान्यातून निघालेली पहिली खेप) आजही जुन्या सीड्यांच्या दुकानात किरकोळ किमतीत मिळते. 'मनी फॉर नथिंग' लावा. सुरुवात इतकी हळू होते की हात आपोआप व्हॉल्यूमकडे जातो. मग ड्रम भरत भरत येतात, टॉम या ड्रमवरचा एकेक घाव खोलीत सुटा उमटतो, आणि गिटार शिरते तेव्हा माणूस खुर्चीत सावरून बसतो. 1996च्या रीमास्टरमध्ये, म्हणजे नव्याने मास्टरिंग केलेल्या प्रतीत, तेच ड्रम, तीच गिटार आहे, पण हळू आणि जोरकस यांतलं अंतर आवळलंय. गिटार येते, पण ती उसळी येत नाही. ती उसळी मला हवी असते.

हे अंतर आवळलं का गेलं? सीडीवर आवाजाला एक कमाल मर्यादा आहे, तिच्या वर कुणीच जाऊ शकत नाही. 1990च्या दशकात प्रत्येकाला आपली सीडी शेजारच्या सीडीपेक्षा मोठ्याने वाजायला हवी होती. मग आवाज ठरावीक पातळीवर रोखणाऱ्या लिमिटरने शिखरं छाटायची आणि उरलेलं सगळं वर ढकलायचं, हा प्रघात पडला. मेटॅलिका या मेटल बँडच्या 'डेथ मॅग्नेटिक'मध्ये (2008) तो कुठवर गेला हे चाहत्यांनीच पकडलं: तीच गाणी 'गिटार हिरो' या व्हिडिओ गेममध्ये इतकी दाबलेली नव्हती, आणि तिथे ती ऐकायला बरी वाटत होती. ज्यांनी पैसे देऊन सीडी घेतली त्यांना गेमपेक्षा वाईट आवाज मिळावा, याचा मला आजही राग येतो.

तुलना करायची तर एक पथ्य पाळा. दोन्ही सीड्यांचा आवाज आधी समान पातळीवर आणा. जरासा मोठा आवाज कानाला नेहमीच 'चांगला' वाटतो, आणि रीमास्टर तिथेच बाजी मारून जातात. पातळी समान केली की बहुतेक वेळा निकाल फिरतो.

आता जपान. सीडी विक्रीला आली तीच मुळी जपानमध्ये, 1 ऑक्टोबर 1982 रोजी. सुरुवातीच्या तबकड्यांच्या क्रमांकातच किंमत असे; 'सीपी35' म्हणजे 3,500 येन. तोशिबा-ईएमआय या जपानी रेकॉर्ड कंपनीने 1983 साली बीटल्सचा 'ॲबी रोड' याच मालिकेत काढला आणि लवकरच मागे घेतला. बीटल्सच्या अधिकृत सीड्या जगभर आल्या त्या थेट 1987 साली. ती जपानी प्रत संग्राहक अजून शोधत असतात. तिच्यावर आणि त्या काळच्या बऱ्याच सीड्यांवर प्री-एम्फसिस असतं. मुद्रण करताना वरचे सूर मुद्दाम चढवलेले असतात आणि 'हे उतरवून वाजव' अशी खूण तबकडीवर असते. सीडी प्लेअर ती खूण ओळखतो. संगणकावर रिप करताना मात्र पुष्कळदा ती सुटते, झांजा टोचायला लागतात, आणि लोक म्हणतात जुनी सीडी कर्कश आहे. सीडीचा काही दोष नसतो. रिप करताना एवढं तपासून घ्याच.

ओळखायचं कसं, तर मुखपृष्ठावर जाऊ नका, ते वर्षानुवर्षं तेच राहतं. तबकडी उलटी करून मधल्या भोकाभोवतीचं कडं उजेडात वाचा. 'मेड इन डब्ल्यू. जर्मनी' असेल तर जर्मनीच्या एकीकरणाआधीची समजायला हरकत नाही. हॅनोवरजवळच्या लांगनहागनच्या पॉलीग्राम या रेकॉर्ड कंपनीच्या कारखान्यातून अशा कितीतरी सुंदर तबकड्या निघाल्या. बारीक अक्षरात 'आयएफपीआय' (रेकॉर्ड कंपन्यांची जागतिक संघटना) आणि पुढे संकेतांक दिसला, तर ती साधारण 1994 नंतरची.

सोन्याचा थर दिलेल्या सीड्यांबद्दलही विचारतात. मोबाइल फिडेलिटी या अमेरिकी कंपनीने त्या 1987पासून काढल्या. सोनं गंजत नाही, तेवढा त्याचा फायदा. त्या चांगल्या वाजतात त्याचं श्रेय मूळ टेप मिळवून काळजीने केलेल्या मास्टरिंगला आहे.

आपल्या संगीताचं काय, हे कुणी विचारलं की मी मोहनवीणावादक विश्वमोहन भट्ट आणि अमेरिकी गिटारवादक राय कूडर यांचा 'अ मीटिंग बाय द रिव्हर' लावतो. वॉटरलिली अकूस्टिक्स या रेकॉर्ड कंपनीने तो कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बारातल्या एका चॅपलमध्ये निर्वात नळ्यांच्या (व्हॅक्यूम ट्यूबच्या) यंत्रसामग्रीवर मुद्रित केला. साधी 16 बिटांची सीडी आहे, तरी मोहनवीणेची मींड संपते तिथून पुढे चॅपलची हवासुद्धा ऐकू येते. याउलट आपल्या जुन्या मैफलींच्या कितीतरी सीड्यांवर टेपची सरसर काढायच्या नादात तानपुराच खरवडून टाकलाय. षड्ज उरतो, जवारी, तारांची ती झणकार, जाते. मला ती सरसर चालते, जवारीशिवाय नाही चालत. म्हणून अशा मैफलीची साफसफाईआधीची सीडी दिसली की मी घेतोच, घरी नवी असली तरी.

सुरुवात करायची असेल तर तुम्हाला पाठ असलेल्या एखाद्या अल्बमपासून करा आणि आधी 1980च्या दशकातली प्रत शोधा. महागडी जपानी प्रत नंतर बघू. एक खबरदारी घ्या. इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या पीडीओ कारखान्यातल्या 1988 ते 1993च्या सुमाराच्या काही तबकड्या कडेकडून तांबूस होत जातात. त्यांच्यावरचं लॅकर, म्हणजे संरक्षक लेप, पुस्तिकेच्या कागदातल्या गंधकापुढे टिकलं नाही. अशी सीडी विकत घेऊ नका, आणि घरात असेल तर वाजतेय तोवर आजच रिप करून ठेवा.