नागपुरात वाइन, अन् रात्री सावजी

मार्च महिन्यात नागपुरात रेड वाइन ‘रूम टेंपरेचर’ला देणाऱ्या माणसाला एकदा दुपारी दोन वाजता वर्धा रोडवर उभं केलं पाहिजे, म्हणजे इथली रूम काय चीज आहे ते कळेल. हा नियम आला युरोपातून, तिथल्या जुन्या दगडी घरांत 16-18 डिग्री असायचं तेव्हाचा. इथं आम्ही गेलो त्या वाइन टेस्टिंगला, म्हणजे वाइन चाखायच्या कार्यक्रमाला, बाहेर 38, आत एसी आहे पण माणसं खच्चून भरलेली, डोक्यावर दिवे, आणि बाटली सकाळपासून टेबलावर उघडी पडलेली. घोट घेतला की आधी अल्कोहोलच नाकात जातं, बाकी फळ-बिळ नंतर, आलं तर आलं. एका इंपोर्टरकडे चांगली महागाची रियोहा, स्पेनची रेड, आम्ही अशीच कोमट चाखली, शेवटी माझ्या आतेभावाने, दादाने, न राहवून शेजारच्या व्हाइटवाल्याच्या बर्फाच्या टबात ती बाटली बुडवायला लावली, आणि दहा मिनिटांनी तीच वाइन ओळखू येईना. चेरी आली, लाकडी पिंपाचा व्हॅनिलाचा वास जागेवर बसला, घशातली जळजळ गेली. टेबलावरचा पोरगा म्हणतो सर, रेड थंड नाही करत. मी म्हटलं फ्रिजर नको रे, पण अर्धा तास फ्रिज तरी दाखव.

आता मी तिथं पोचलो कसा ते सांगतो. मी नाशिकचा. आमची द्राक्षं आहेत पण ती खायची, थॉमसन. वाइनची द्राक्षं वेगळी, बारीक, जाड सालीची, बियांची, पण हा फरक नाशिकबाहेर कुणाला समजावत बसण्यात अर्थ नाही. दादा नागपुरात धरमपेठेत रेस्टॉरंट चालवतो, परमिट रूमचं लायसन आहे, बिअर-व्हिस्की धो धो जाते, वाइनची बाटली मात्र शोकेसमध्ये धूळ खात असते. त्याला या ट्रेड टेस्टिंगचे दोन पास आले. हॉटेलवाले, केटरर, वाइन शॉपवाले यांच्यासाठी असतं तसलं, पब्लिकसाठी नाही. लगेच फोन, “तू नाशिकचा हाय ना बे, तुले वाइन समजते, ये.” म्हटलं दादा, मला द्राक्षावरचे रोग समजतात, भुरी अन् डावणी. “तेच ते. ये.”

विदर्भ एक्सप्रेस पकडली, नाशिकरोडला चढलो ते सरळ झोपलो. जाग आली तेव्हा धामणगाव मागं पडलं होतं आणि समोरच्या बर्थवरचे काका डबा उघडून बसले होते. नागपूरला काय काम विचारलं, मी खरं ते सांगितलं. काका शांतपणे म्हणाले, “अजून वर्धा यायचं हाय, तिथं जोरानं बोलू नका.” वर्धा जिल्ह्यात दारूबंदी, गांधीजींच्या सेवाग्राममुळे. गडचिरोलीत 1993 पासून बंदी आहे, चंद्रपूरला 2015 मध्ये आली आणि 2021 मध्ये उठली. विदर्भात वाइन विकायची म्हणजे आधी हा नकाशा पाठ पाहिजे, हे नंतर एका डिस्ट्रिब्युटरनेही ऐकवलं, त्याच्या तोंडात द्राक्षांच्या नावांपेक्षा तालुक्यांचीच नावं जास्त होती.

टेस्टिंगच्या आधी तिखट खाऊ नये म्हणतात, जीभ मरते. दादाने स्टेशनवरून गाडी थेट कस्तुरचंद पार्कला घेतली. तर्री पोहे. वर चण्याची लालभडक तर्री, कच्चा कांदा, लिंबू, मी म्हटलं एवढी नको तर त्याने अजून एक पळी टाकायला लावली. त्याचं म्हणणं असं, की माझं गिऱ्हाईक वाइन पिणार ते हीच जीभ घेऊन, मग आपण कोऱ्या जिभेनं चाखून काय उपयोग? खरं सांगायचं तर त्या दिवसात वाइनबद्दल ऐकलेलं सगळ्यात शहाणपणाचं वाक्य हेच होतं.

हॉलमध्ये शिरल्यावर पहिली गंमत थुंकदाणीची. प्रत्येक टेबलावर स्टीलची बादली, घोट तोंडात फिरवायचा आणि थुंकायचा, नाहीतर दहाव्या ग्लासाला माणूस गेला. एक मॅडम माईकवर हे फार नाजूक शब्दांत समजावत होत्या, की संकोच करू नका, जगभर असंच करतात वगैरे. आमच्या मागून आवाज आला, “खर्रा खाणाऱ्याले थुंकायले शिकवून राहिल्या का मॅडम?” खर्रा म्हणजे इकडचा सुपारी-तंबाखू. पुढची पाच मिनिटं कुणाचंच लक्ष नव्हतं.

व्हाइटपासून सुरुवात केली, तसाच क्रम असतो, हलक्यापासून जडकडे. नाशिकच्या टेबलांवर शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्यों ब्लाँ होत्याच. ही दोन्ही द्राक्षं आपल्याकडे आणली सुलाने, त्यांची पहिली वाइन 2000 साली बाजारात आली, पुढच्याच वर्षी सरकारचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं आणि मग दिंडोरी-निफाडकडे जो तो वायनरी टाकायला लागला. सोव्हिन्योंला ग्लास हलवल्या हलवल्या ढोबळी मिरचीचा वास. दादाला वाटलं मी फेकतोय. पण ते खरंच तेच रसायन असतं, ढोबळी मिरचीत जे असतं तेच द्राक्षातही, पायराझिन म्हणतात. द्राक्ष जरा लवकर काढलं की वास जास्त, पिकू दिलं की कमी. त्याने परत नाक घातलं, मग बाजूच्या अनोळखी माणसाला बोलावून तोच वास दाखवला, मग त्या माणसाने अजून एकाला.

शेनिन मला पहिल्यापासून आवडते. आंबटपणा आहे, थोडी साखर मागं ठेवलेली, पेरू-अननसाकडे जाणारा वास, थंडगार असली की बोलायचं काम नाही. त्या टेबलावर एक वाइनमेकर पोरगी होती, आमच्या दिंडोरीकडचीच निघाली, मग काय, वाइन राहिली बाजूला आणि छाटणीवर गप्पा. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी. युरोपात वेल थंडीत झोपतो, वर्षाला एकदाच छाटतात. आपल्याकडे झोपायला थंडीच नाही म्हणून दोनदा छाटायचा आणि पीक एकच घ्यायचं, तेही जानेवारी ते मार्च. म्हणजे इथं ती ग्लास भरत होती तेव्हा तिकडं तिच्या वायनरीत शेवटचा माल उतरत होता. रात्री नाहीतर पहाटे तोडतात, ऊन चढायच्या आत क्रशरला गेला पाहिजे, नाहीतर वास उडतो. रात्री तीनला झोपून ती सकाळच्या विमानाने आली होती आणि तरी हसून सगळ्यांना तेच तेच सांगत होती, मला तर तिचंच जास्त कौतुक वाटलं.

तिच्यासमोर एक गृहस्थ आले, काटोलकडे संत्र्याची बाग असलेले. म्हणाले एवढी संत्री पडून राहतात आमच्याकडे, त्याची वाइन काहून नाही करत? मला वाटलं ती हसून टाळेल, पण तिने नीट उत्तर दिलं. वाइनच्या द्राक्षात साखर 22-24 ब्रिक्स असते, ब्रिक्स म्हणजे ढोबळमानाने रसातली साखरेची टक्केवारी, संत्र्यात साधारण 10, म्हणजे आंबवली तर बिअरएवढंच अल्कोहोल येणार, वाढवायचं तर वरून साखर घाला. दुसरं, संत्र्याचा रस काढून ठेवला की हळूहळू कडू होतो, त्यातल्या लिमोनिन नावाच्या द्रव्यामुळे. तो कडूपणा काढला तर बाकीची चवही थोडी जाते. त्या गृहस्थांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे होते, पण परवडत नाही.” शेतकऱ्याला दोन वाक्यांत विषय कळतो तो असा.

रेडमध्ये अकलूजकडची सांजोव्हेज बरी वाटली. ही इटलीतल्या किआंती वाइनची द्राक्षजात, सोलापूर जिल्ह्यात लावलीय हेच मुळात भारी आहे. हलकी, आंबटसर, जेवणाबरोबर जाईल अशी. शिराझला काळ्या मिरीचा वास आला आणि दादा एकदम खूश, कारण सावजी, म्हणजे नागपूरच्या झणझणीत रश्श्याच्या, मसाल्यात मिरी असतेच, त्याला वाटलं जोडी जमली. पण त्या शिराझला पिंपात ठेवून ठेवून इतकं तुरट केलं होतं की कच्चं केळं खाल्ल्यावर जीभ जशी जड होते तसं झालं. इंपोर्टेडकडे फार वेळ घालवला नाही. प्रोसेको, इटलीची फेसाळ वाइन, छान गार होती, पण दर ऐकले की तहान जाते. बाहेरच्या वाइनवर 150 टक्के कस्टम ड्यूटी, त्यावर राज्याचं वेगळं. ऑस्ट्रेलियाशी 2022 च्या शेवटी करार लागू झाला त्यात थोडी सूट मिळाली, तीही पाच डॉलरच्या वरच्या बाटल्यांना. धरमपेठेतलं फॅमिली गिऱ्हाईक त्या भावात बाटली नाही उघडत.

परत येताना गाडी हॉटेलवरच ठेवली आणि मेट्रोने आलो, जयप्रकाश नगरहून सीताबर्डी आणि तिथून बदलून शंकरनगर. थुंकलो असलो तरी थोडी जातेच पोटात, उगाच रिस्क कशाला.

खरी परीक्षा रात्री घरी झाली. दादाने सावजी मटण पार्सल आणलं, वर बोटभर तेलाचा तवंग, आणि सॅम्पलच्या बाटल्या मांडल्या. वहिनी वाइन घेत नाहीत फारशा, पण म्हणाल्या मी पण बघते. शिराझ आधी. मिरी-मिरीची जोडी वगैरे सगळं खोटं निघालं, मटणाच्या घासावर शिराझचा घोट घेतला आणि तोंडात आग लागली, तिखट दुप्पट झालं. कारण साधं आहे, अल्कोहोल तिखटाला भडकवतं आणि तुरटपणा वरून घासतो. सांजोव्हेज थोडी गार करून ठीक होती. सोव्हिन्यों तर्रीपुढे गायबच झाली, नुसतं आंबट पाणी. रोझे, म्हणजे गुलाबी वाइन, चालली, चांगली चालली. आणि शेनिन, ती थोडी गोडसर, फ्रिजमधून काढलेली, तिने मात्र मैदान मारलं. आग विझते, मसाल्याचा वास तोंडात राहतो आणि पुढचा घास घ्यावासा वाटतो. वहिनींनी लेट हार्वेस्टची, म्हणजे उशिरा तोडलेल्या द्राक्षांची, छोटी बाटली, ती डेझर्टची, गोड, ती मुद्दाम मटणाबरोबर घेतली. आम्ही दोघं नाही नाही म्हणत होतो. “तुमचं पुस्तक तुमच्यापाशी ठेवा, मले हे आवडलं.” मग आम्ही पण घेऊन पाहिली आणि गप्प बसलो, चांगलीच लागत होती.

तेव्हा दादाचा मेन्यू ठरला तो असा. शेनिन आणि रोझे ग्लासने द्यायची, म्हणजे पूर्ण बाटलीचा धसका नाही, रेड एकच ठेवायची आणि तीही फ्रिजमध्ये. अडचण एवढीच की फ्रिजमध्ये बिअर आहे, आणि नागपुरात मार्च ते जून बिअर हलवून तिथं दुसरं काही ठेवणं म्हणजे धंद्याशी गद्दारी. वेगळा चिलर पाहिजे. कंपनीचा माणूस म्हणाला वीस पेट्या घ्या, चिलर आमच्याकडून. दादा म्हणाला आधी चिलर पाठव, पेट्यांचं मग पाहू. दुसऱ्या दिवशी मी स्टेशनला निघालो तेव्हाही फोन चालूच होता, तो माणूस बारा पेट्यांवर आला होता आणि दादा पाचावरून हलायला तयार नव्हता.